घरी 540, परीक्षेत 342

मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. गाव सांगत नाही, काही तपशीलही बदललेत. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव, एवढं पुरे. घरी तिला सगळे बाय म्हणतात, तेच नाव इथे ठेवते.

2024 ची भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. आई तिला घेऊन आली ती पोटाची तक्रार म्हणून. मळमळ, जुलाब, पोटात गोळा. तीन महिने आम्लपित्ताच्या गोळ्या चालू होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी मागचे केसपेपर चाळले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दुखणं दर वेळी रविवारी उठतं. रविवारी काय असतं, तर ऑनलाइन टेस्ट. मी समुपदेशक, म्हणून त्यांनी माझा नंबर दिला.

बाय पहिल्या भेटीत फारसं बोलली नाही. आई बाहेर गेल्यावर म्हणाली, "माका येता सगळा. थंय बसल्यार काय्येक आठवणा नाय."

हे वाक्य महत्त्वाचं होतं, कारण ते आकड्यांशी जुळत होतं. बारावीला तिला 84 टक्के. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, सराव प्रश्नपत्रिका घरी सोडवल्या की 720 पैकी 520 ते 540. आणि 5 मे 2024 च्या खऱ्या परीक्षेत 342. अभ्यासच नसता तर घरीही 342 च पडले असते. तयारी करूनही गुण न पडण्याची कारणं बरीच असतात, पण दोनशे गुण वाटेत सांडतात तेव्हा आधी वाट बघावी लागते.

त्या दिवशी काय झालं ते मी तिला मिनिटामिनिटाने सांगायला लावलं. 2024 ला पेपर दुपारी 2 ते 5:20 होता. 200 प्रश्न, त्यातले 180 सोडवायचे. बरोबरला 4 गुण, चुकलं की 1 वजा. पुस्तिकेत भौतिकशास्त्र आधी, म्हणून हिने ते आधी घेतलं. पहिले चार प्रश्न आले नाहीत. पाचवा तिने सात वेळा वाचला, आणि शब्द दिसतायत पण अर्थ लागत नाही असं झालं. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीने पान उलटलं. "त्या पानाचो आवाज अजून आयकाक येता," असं ती म्हणाली. हाताला घाम, मनगटाखाली उत्तरपत्रिका ओली. चाळीस मिनिटं गेली तेव्हा तिने नऊ गोळे रंगवले होते. मग घाईने जीवशास्त्रात शिरली आणि एका प्रश्नाचं उत्तर पुढच्या ओळीत रंगवलं. ते लक्षात येईपर्यंत पुढचे आठ गोळे एकेक घर सरकले होते. ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, बॉलपेन खोडता येत नाही.

पुढचा उन्हाळा आणखी वाईट गेला. 4 जूनला निकाल लागला, 67 जणांना पैकीच्या पैकी. मग पेपरफुटीचे आरोप, ग्रेस गुण मिळालेल्या 1563 जणांची फेरपरीक्षा, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. पुन्हा परीक्षा नाही, असं न्यायालयाने 23 जुलैला सांगितलं. तोवर आगोटीची कामं उरकली, लावणी झाली, आणि हिच्या घरात परीक्षा झाली की व्हायचीय हेच ठरेना. ती ना रडून मोकळी झाली ना पुस्तक उघडून बसली. ऑगस्टमध्ये "ड्रॉप" घ्यायचं ठरलं. लातूरला पाठवण्याचा विचार होता. पैशाचं गणित जमलं नाही, म्हणून घरूनच ऑनलाइन क्लास. रेंज फक्त खळ्याच्या कोपऱ्यात, माडाखाली.

सुरुवातीला दोन गोष्टी करून घेतल्या. एक, रक्ततपासणी. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. छातीत धडधड आणि थकवा हे सगळं मनाच्या खाती टाकायची घाई समुपदेशकांनी करू नये. दुसरं, थेट विचारलं: जगूच नये असं वाटतं का? ती थांबली, मग म्हणाली, रात्री कधीकधी वाटतं की सकाळ होऊ नये. काही करायचं मनात नव्हतं, तशी तयारीही नव्हती, हे नीट विचारून घेतलं. तिच्या संमतीने आईला सांगितलं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघींच्या फोनमध्ये घातला. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मला तर अनुभव असा की विचारल्यावर मूल पाठ सैल करून बसतं. पुढच्या प्रत्येक भेटीत मी तो प्रश्न विचारला. डिसेंबरपासून उत्तर "नाय" असं यायला लागलं.

भीतीला खतपाणी कोण घालत होतं

परीक्षेच्या भीतीचे दोन भाग धरतात. लीबर्ट आणि मॉरिस यांनी 1967 मध्ये ही फोड केली: एक शरीराचा गोंधळ, म्हणजे घाम, धडधड, पोट, आणि दुसरी काळजी, म्हणजे डोक्यात चालणारी बडबड. गुण खाते ती मुख्यतः दुसरी. गणिताच्या पायऱ्या मनात धरून ठेवायला जी थोडी जागा असते, तीच जागा "आता परत तसाच होतला" हे वाक्य अडवून बसतं. जीवशास्त्राचा आठवणीचा प्रश्न त्यातूनही निसटतो. भौतिकशास्त्राचा चार पायऱ्यांचा प्रश्न मात्र मधेच कोसळतो. बायची घसरगुंडी भौतिकशास्त्रातच सुरू झाली, यात नवल नव्हतं.

पण खरी गोम तिच्या वहीत सापडली. चौदा टेस्टचे पैसे भरले होते. त्यातल्या वेळ लावून, सलग बसून दिलेल्या फक्त तीन. बाकीच्या तिने "शिकण्यासाठी" सोडवल्या होत्या: पडवीत बसून, दोन दिवसांत मिळून, अडलं की पुस्तक उघडून. 540 आले होते ते या पेपरांत! टेस्ट टाळली की पोट थांबायचं, आणि पोट थांबलं की पुढचा रविवार आणखी भयंकर वाटायचा. टाळण्यातून मिळणारी सुटका हेच भीतीचं खत.

म्हणजे घरचे 540 सुद्धा खरे नव्हते. हे तिला सांगायचं कसं, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी तिलाच जुन्या टेस्टवर घड्याळाची वेळ लिहायला लावली. अर्ध्या तासाने तिनेच मान वर केली. "म्हणजे माझे 430 असतले," असं म्हणाली. त्या वाक्याला मला धीर आला. 540 ची मुलगी 342 वर पडली तर तो शाप वाटतो. 430 ची मुलगी 342 वर आली तर ते दुरुस्त करता येण्यासारखं काम असतं.

माझी चूक

मी सुरुवात श्वासापासून केली. सगळेच करतात. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, रोज दहा मिनिटं. तिने इमानदारीने केलं, वहीत खुणा केल्या. डिसेंबरच्या पहिल्या टेस्टला श्वास मोजायला बसली, सहापर्यंत जाईना, आणि घाबरली की श्वाससुद्धा नीट येत नाही! मी तिला परीक्षेच्या आत आणखी एक परीक्षा देऊन ठेवली होती. मग आकडे काढून टाकले. उरलं एवढंच: विषय बदलताना पेन खाली ठेवायचं, दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची, एक लांब उच्छ्वास सोडायचा. पावलं टेकवायचं तिला आवडलं, कारण परीक्षेला चपला घालूनच जायचं असतं. बूट चालत नाहीत.

आणखी एक. "थोडं टेन्शन हवंच" असं तिला क्लासमध्ये सांगितलं होतं. हे वाक्य फिरत फिरत येतं ते यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 च्या प्रयोगातून, आणि तो उंदरांवरचा होता. ज्या मुलीला रविवारी जुलाब होतात तिला हे ऐकवून काय मिळतं, मला कळत नाही.

शिडी

जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये भीतीची पायरीपायरीने सवय करण्याची पद्धत मांडली. आता तिची बरीच रूपं झालीत, तत्त्व तेच: जे भिववतं त्याचा छोटा तुकडा घ्या, तो पचला की मोठा. आम्ही प्रत्येक पायरीला 0 ते 10 अशी भीती लिहून शिडी केली. सगळ्यात खाली: घरच्या टेबलावर, मोबाइलवर गजर लावून, भौतिकशास्त्राचे पंधरा प्रश्न (3). मधे कुठेतरी: छापील ओएमआरवर पेनाने रंगवून नव्वद प्रश्न (6). सगळ्यात वर: अनोळखी मुलांबरोबर, अनोळखी खोलीत, दुपारी दोनला पूर्ण पेपर (10, आणि बाजूला तिने काढलेलं कवटीचं चित्र).

दुपारी दोनचं मी मुद्दाम सांगते. बाय पहाटे चारला उठून अभ्यास करायची. गावात हे कौतुकाचं. पण पेपर भरदुपारी असतो, मेच्या उकाड्यात, जेव्हा कोकणात माणूस पडवीत आडवा होतो. चारला उठलेल्या मेंदूचा दोनला दिवस मावळलेला असतो. जानेवारीपासून उठायची वेळ दर आठवड्याला अर्धा तास पुढे सरकवत साडेपाचवर आणली आणि टेस्ट फक्त दोन वाजता. तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी रविवारी शाळेची एक खोली मिळवून दिली. आणखी चार मुलं जमली. मास्तर पर्यवेक्षक. मनगटी घड्याळ काढून ठेवायचं, कारण परीक्षेत नसतं. मास्तर तासाला घंटा देणार. अर्ध्या बाहीचा कुर्ता, पारदर्शक पाण्याची बाटली. लाईट गेली तर गेली, पेपर चालू. घामासाठी मनगटाखाली घडी घातलेला रुमाल घ्यायची युक्ती तिचीच. खऱ्या परीक्षेत रुमाल आत सोडतील याची खात्री नव्हती, म्हणून मग पुस्तिकेचंच पान मनगटाखाली सरकवायची सवय लावली.

मधेच जानेवारीत जाहीर झालं की 2025 पासून पर्यायी प्रश्न बंद, 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. वीस मिनिटं गेली आणि गुण न गमावता वीस प्रश्न वगळायची मुभाही गेली. त्या आठवड्यात तिची खालच्या पायरीची भीती 3 वरून परत 6 झाली. आम्ही दोन पायऱ्या खाली आलो, पुन्हा चढलो. फेब्रुवारीभर हेच.

मार्चमधला एक रविवार मात्र तपशिलाने सांगते. मी मास्तरांना सांगून पेपरात फेरफार केला होता. भौतिकशास्त्राच्या सुरुवातीला पाच प्रश्न असे घातले की ते तिला येणं शक्यच नव्हतं. आयआयटीच्या परीक्षेच्या तोडीचे. मुलांना सांगितलं नव्हतं. मी खिडकीपाशी बसले. बायने पहिला वाचला. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. दुसरा. तिसऱ्याला तिची मान लाल झाली. मग तिने पेन खाली ठेवलं, पावलं हलली, आणि पुस्तिकेच्या समासात तिने एक छोटंसं वर्तुळ काढलं. पुढच्याला वर्तुळ. पुढच्याला वर्तुळ. सहाव्याला ती लिहायला लागली.

पेपर संपल्यावर मी कबूल केलं. ती माझ्यावर भडकली, आणि मला ते रास्त वाटलं. पण एसटीच्या थांब्यावर ती मला म्हणाली, "म्हणजे येणा नसला तरी मराक होणा नाय." तोवर चार महिने मी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. सोडून पुढे जाणं ही समजावून देण्याची गोष्ट नाही. हाताला सवय लागावी लागते.

बागेची उचल

रामिरेझ आणि बाईलॉक यांचा 2011 चा एक अभ्यास आहे, "सायन्स" मध्ये आलेला: परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहून काढणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. मी ते बायला दिलं. लिहायचं, फाडायचं, मला दाखवायचं नाही. ती मालवणीतच लिहायची. प्रमाण मराठीत भीती खोटी वाटते म्हणाली. एकदा तिने आपणहून एक ओळ वाचून दाखवली. वडिलांनी माझ्या क्लाससाठी आंब्याच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, मी नापास झाले तर कलमं जाणार, अशी.

नोव्हेंबरपासून ही गोष्ट माझ्यासमोर आलीच नव्हती. तिचं परीक्षेचं गणित 720 गुणांचं नव्हतंच, हापूसच्या बागेचं होतं. तिच्या टेबलावर विंचूदंशावर काम करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं कात्रण, आणि खिडकीबाहेर मोहोरलेली कलमं.

एप्रिलच्या सुरुवातीला वडील आले. काढणी चालू होती, हाताला चीक लागलेला. पहिलं वाक्य ठरलेलं: "आमी तिका कदी काय बोलूक नाय." हे खरं होतं. बोलणारे दुसरेच होते. कोकण विभाग बारावीला दरवर्षी राज्यात पहिला येतो, त्यामुळे इथे चांगले गुण ही बातमीच नसते. 2021 ला जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून "आता कॉलेज दारात आलंय, तुझा कधी?" हा प्रश्न वाडीत कुणीही विचारतो. पण घरचं न बोलणंही मुलं आपल्या परीने वाचतात.

मी बायला म्हटलं, तूच विचार. तिने खाली बघत विचारलं, "बाबा, तुमी माझ्यासाठी उचल घेतल्यात ना?"

वडील गोंधळले. मग हसायला लागले. "उचल मी दरवर्साक घेतंय गो. तू पाळण्यात होतंस तेवापासून घेतंय!"

फवारणीला, राखणीला, पेट्यांना. त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. क्लासची फी आईच्या मानधनातून आणि मुंबईच्या भावाकडून आली होती. मुलगी सात महिने नसलेल्या गहाणखताचं ओझं वाहत होती. बाय रडली, बराच वेळ. वडील चिकाच्या हाताने तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही या पेचात बसून राहिले.

त्याच बैठकीत दुसरा रस्ता मोठ्याने बोलून घेतला. बीएएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय. या सगळ्यांना नीटचेच गुण लागतात, म्हणजे केलेला अभ्यास वाया जात नाही. तिला काय चालेल आणि काय मुळीच नको हे तिने कागदावर लिहिलं. घरी आजीला हे पटलं नाही. "तोंडातसून वायट काडू नये," हे तिचं म्हणणं. घरच्यांकडून मी एकच गोष्ट मागितली: रविवारी संध्याकाळी टेस्टबद्दल तिने विषय काढल्याशिवाय कुणी विचारायचं नाही. "टेन्शन घेऊ नको" हेसुद्धा म्हणायचं नाही.

परीक्षेच्या दहा दिवस आधी एक भानगड उपटली. कुणा नातेवाइकाने "हात थरथरत नाहीत" म्हणून एक गोळी सुचवली. प्रोप्रानोलॉल. ती खरंच धडधड कमी करते, पण बायला लहानपणापासून दमा आहे, आणि दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका त्या गोळीने आवळू शकतात. तिने आधी मला फोन केला हे नशीब. औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, काका नाही.

4 मे आणि नंतर

आदल्या रविवारी ती आईबरोबर त्याच वेळेच्या एसटीने केंद्रापर्यंत जाऊन आली होती. परीक्षेच्या आठवड्यात घरात आंब्याच्या पेट्या माजघरापर्यंत आलेल्या, पेंढा सगळीकडे. ती त्यातच बसून उजळणी करत होती.

2025 चा भौतिकशास्त्राचा पेपर देशभर अवघड गेला, पहिला आलेल्याला 686 होते. तिने जीवशास्त्रापासून सुरुवात केली. भौतिकशास्त्रात समासात सतरा वर्तुळं काढली, त्यातल्या पाचांकडे परत जाता आलं. रसायनात एकदा सगळं कोरं झालं, तिच्या अंदाजाने तीन-चार मिनिटं. सकाळी जुलाब झालेच. ओएमआरवर घर चुकलं नाही.

गुण पडले 447. शाळेच्या खोलीतल्या शेवटच्या चार टेस्टची सरासरी 486 होती. 430 आणि 342 मधली जवळपास नव्वदची तफावत चाळीसवर आली, याला मी उपचाराचा निकाल मानते. सरकारी एमबीबीएसला ते गुण कमी पडले. वडिलांचं मत होतं आणखी एक वर्ष द्यावं. बायने एप्रिलचा तो कागद काढला. बीएएमएसला प्रवेश घेतला, घरापासून लांब, वसतिगृहात. मला विचाराल तर तिसऱ्या प्रयत्नात ती आणखी चढली असती. पण निर्णय तिचा होता, आणि तो भीतीपोटी घेतलेला नव्हता, इतपत मी तिला ओळखते.

एक गोष्ट राहिली आहे. आमची सगळी शिडी लेखी परीक्षेची होती. आता तोंडी परीक्षा असतात, समोर तीन परीक्षक, आणि तिथे समासात वर्तुळ काढून पुढे जाता येत नाही. पहिल्या अंतर्गत तोंडीला तिचा आवाजच फुटला नाही. फोनवर तिने ते सांगितलं आणि सुट्टीतली तारीख मागितली. मास्तरांना मी विचारून ठेवलंय, खोली रिकामी आहे का. या वेळी परीक्षक म्हणून आणखी दोन माणसं लागतील.